काठावरचा रिकामा वेळ

३ मार्च, सोमवार

बाईंनी आज मला 'खेळाडू-पाहणी प्रमुख' केलं, म्हणून ही वही काढली. मोठी माणसं दैनंदिनी लिहितात असं ऐकून आहे. बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. म्हणजे गेली पाच वर्षं एकच खेळ बनवतोय आणि तो काही संपत नाही. प्रमुख झालो तरी माझ्या राज्यात एक काचेची खोली, एक खुर्ची आणि एक कॅमेरा एवढंच आहे. पण दाराला पाटी लागली. दादाच्या दाराला पाटी नाही. त्याला दारच नाही, तो जिन्याखाली बसतो.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्या खेळातली माणसं जे बोलतात ते तो लिहितो. सहा वर्षांपूर्वी त्यानेच मला इथे चिकटवलं, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना 'दादांचा भाऊ' आहे. पाटी बघून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "बाबा असते तर सगळ्या गल्लीला सांगत सुटले असते."

सुटले असते खरे, पण दादाचं काही असतं तरच.

६ मार्च, गुरुवार

बैठक. बाईंनी टेबलावर पेन आपटलं आणि सांगितलं, "ऑगस्टमध्ये खेळ बाहेर. त्याच्या आत जे पुरं होणार नाही ते कापायचं."

खेळ असा: नदीचा एक देश. आपण फिरस्ता व्हायचं, तलवार चालवायची, वस्तू गोळा करायच्या, कपडे आणि केस निवडायचे, माणसांशी बोलायचं, वाटलं तर कोणाच्या प्रेमात पडायचं आणि राजधानीला पोचायचं. जो येतो तो पाच वर्षं त्यात भर घालतोय. आता कापायचं म्हटल्यावर प्रत्येकाचा आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. लढाया बनवणारा म्हणाला, लढाई काढली तर उरेल ते पुस्तक. कपडेवाली म्हणाली, लोक दोन-दोन तास नुसते केस निवडतात, तुम्हाला माहीत नाही. नकाशेवाला म्हणाला, अर्ध्या लोकांना काहीच करायचं नसतं, नुसतं डोंगरावर चढून खाली बघायचं असतं.

दादा शेवटी बोलला. "माणूस खेळ संपवतो आणि मारलेले राक्षस विसरतो. कोणाशी बोललो ते विसरत नाही."

सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. तो बोलला की ठेवतात. बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "व्यक्ती तितक्या प्रकृती, पण मला एक यादी हवी. बारा खेळाडू बोलवा, बघा, आणि काय कापायचं ते तुम्ही सांगा."

तुम्ही म्हणजे मी. दादाने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू तोच मला परवानगी देत होता.

१० मार्च, सोमवार

माझी पद्धत ठरली. खेळाडूला 'काय आवडलं' असं विचारलं की तो शहाण्यासारखं दिसेल असं काहीतरी सांगतो. तोंड खोटं बोलतं. बोटं खोटं बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक बटण दाबल्याची नोंद घ्यायची. दहा सेकंद बटण दाबलं गेलं नाही, तर तो 'रिकामा वेळ'. बटणं चालू असतील तर 'रस'. ज्या भागात निम्म्याहून जास्त वेळ रिकामा, तो भाग कापायचा. मोजणीचं यंत्र चष्मेवालीने दोन दिवसांत लिहून दिलं. ती आमच्याकडची सगळ्यात जुनी प्रोग्रामर. चष्मा कपाळावर ठेवते आणि दिवसभर शोधत बसते.

बोटांवर माझा विश्वास आहे, आणि गंमत म्हणजे माझ्याकडे साडेनऊच आहेत. उजवी करंगळी अर्धी. पाच वर्षांचा असताना दारात सापडली. दार दादाने लावलं होतं. चुकून, असं घरी सगळे म्हणतात.

१३ मार्च, गुरुवार

सहा खेळाडू झाले. काचेआडून माणसं बघायला मजा येते. मी त्यांच्या जाती पाडल्या आहेत. सांड: दिसेल त्याच्या अंगावर जातात, भेटायला आलेल्या म्हाताऱ्यालाही आधी एक तलवार हाणून बघतात. मुंग्या: राज्य जळत असलं तरी आधी फुटके डबे उचलून पिशवीत भरतात. नटवे: आरशापुढून हलत नाहीत. भटके: सांगितलेला रस्ता सोडून सगळीकडे जातात. आणि गप्पिष्ट, दादाची लाडकी जात. एक बँकेतली बाई घोड्यालासुद्धा तीन प्रश्न विचारून आली.

मी स्वतः मुंगी आहे. परवा सहज खेळायला बसलो आणि चार तास पिशवीतल्या सुऱ्या लांबीप्रमाणे लावत होतो. दादा मागून येऊन बघत होता. म्हणाला, "तुला माणसं नकोतच रे, वस्तू हव्यात." हसत म्हणाला. त्याचं सगळं हसत असतं.

१७ मार्च, सोमवार

नावाड्याबद्दल लिहायचं टाळत होतो.

खेळात सुरुवातीलाच नदी लागते. काठावर एक म्हातारा नावाडी आहे. नावेत बसलं की तो बोलायला लागतो. दादाने हा भाग दीड वर्ष लिहिला आणि आवाजही स्वतःचाच दिला. आज पहिल्यांदा मी कानाला हेडफोन लावून ऐकलं. नावाडी आधी तीनदा घसा खाकरतो. मग म्हणतो, "या राजे. जेवून निघालात ना?"

हे आमचे बाबा आहेत. दारात कोणीही येवो, पोस्टमन येवो की वसुलीवाला, बाबा तीनदा खाकरायचे आणि त्याला राजे म्हणून जेवलास का विचारायचे. आवाजही त्यांचाच, कारण दादाला त्यांचा आवाज मिळालाय. फोनवर लोक फसायचे. मला मामाचा मिळाला, पिपाणीसारखा.

बाबांना शेवटचे तीन दिवस डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. दादा परगावी होता, पोचला नव्हता. उशाशी मी होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि विचारलं, "आलास का रे थोरल्या?" तेच शेवटचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आई दारात उभी होती, पण तिला ऐकू गेलं नसावं.

मी 'पुढे' हे बटण दाबून नाव पलीकडे नेली.

१९ मार्च, बुधवार

अकरा खेळाडू झाले. जाताना सगळे एक कागद भरून देतात, ती बाईंची हौस. अकरांपैकी आठ कागदांवर नावाडी आहे. 'नावाड्याशी अजून बोलायचं होतं.' 'म्हाताऱ्याने जेवलास का विचारलं तेव्हा कसंतरी झालं.' एकाने लिहिलं, 'बाकीचा खेळ ठीक आहे, मी परत त्या नावेत बसायला येऊ का?' एवढाच पुळका असेल तर घरच्या म्हाताऱ्याशी जाऊन बोल ना बाबा.

कागद फायलीत लावले. बोटांची नोंद काय म्हणते? नावेच्या भागात शंभरातले एकोणपन्नास भाग रिकामे. एकोणपन्नास! एका अंशाने नावाडी वाचतोय. अर्थात मला काय त्याचं, आकडे आहेत. पण बारावा खेळाडू बाकी आहे.

२१ मार्च, शुक्रवार

बारावा आलाच नाही. ताप आला म्हणे. बाईंना सोमवारी यादी हवी, आणि बारा म्हणजे बारा.

स्वागतकक्षात आई बसली होती. दादा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन परत घरी सोडणार होता, मध्ये त्याला पाच मिनिटांचं काम निघालं. दादाची पाच मिनिटं म्हणजे तास. मी विचार केला, हीसुद्धा खेळाडूच. वय विचारणारा रकाना कागदावर नाहीच.

"आई, इकडे ये, गंमत दाखवतो."

"मला काय जमणार रे त्यातलं? डोळ्यांत औषध घातलंय, सगळं धूसर दिसतंय."

"दिसायला नको. नुसतं बस."

लढाई तिला झेपली नसती, म्हणून थेट नावेत नेऊन बसवलं, हेडफोन लावला, हातात बटणांची पेटी दिली आणि काचेच्या अलीकडे आलो. आई बसली. पेटी मांडीवर ठेवली, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि पुढची चाळीस मिनिटं बोटसुद्धा हलवलं नाही. काही कळलंच नसणार तिला. मध्ये झोपली की काय वाटलं, पण मान ताठ होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते औषध फार झोंबतं म्हणतात.

नाव आपोआप पलीकडे लागली तेव्हा मी आत गेलो. तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. माझी अर्धी करंगळी चोळत बसली. किती वाजले ते बघत असेल, पण घड्याळ मी डाव्या हाताला बांधतो.

"ऐकलंस का रे तू हे सगळं?" तिने विचारलं.

"ऐकलं," मी म्हटलं. "कामच आहे माझं."

"पूर्ण ऐकलंस?"

"हो ग."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग दादा आला आणि तिला घेऊन गेला.

आईची चाळीस मिनिटं धरून नावेचा रिकामा वेळ शंभरात बासष्ट झाला.

२२ मार्च, शनिवार

चष्मेवाली सुट्टी असून आली. नोंदी बघून तिने चष्मा चक्क डोळ्यांवर लावला.

"अहो, नावेची मोजणी उलटी आलीय."

"उलटी म्हणजे?"

"नावेत बटणंच चालत नाहीत. दादांनीच मला बंद करायला लावली होती. लोकांनी हात सोडून ऐकावं म्हणून. चालतं ते फक्त 'पुढे'. म्हणजे ज्याला ऐकायचंय तो गप्प बसणार, त्याचा वेळ तुम्ही रिकामा धरलात. आणि ज्याला म्हातारा नकोय तो 'पुढे, पुढे' दणादणा दाबणार, त्याला तुमचं यंत्र रस म्हणतंय. आजवर त्याला वाचवलं ते कंटाळलेल्यांनी. आणि बुडवलं..." तिने यादी खाली सरकवली. "हे बारावं कोण आहे? चाळीस मिनिटं! एवढं तर कोणीच बसलं नाही."

"एक वयस्कर बाई होत्या."

"मग सोमवारी बाईंना सांगा. मोजणी दुरुस्त करायला मला अर्धा दिवस लागेल."

"सांगतो," मी म्हटलं.

चूक माझी नाही. यंत्र सगळ्यांना सारखंच लावलं होतं.

२४ मार्च, सोमवार

यादी दिली. लढाया राहणार, पिशवी राहणार, कपडे राहणार. डोंगर निम्मे. प्रेमप्रकरणं तीनऐवजी एक. नावाडी जाणार.

बाईंनी बासष्टवर बोट ठेवलं. "हे पक्कं ना? कागदांवर तर सगळ्यांना तो आवडलेला दिसतोय."

इथे सांगता आलं असतं. मी दोन सेकंद थांबलो. मोजून दोन. मग म्हटलं, "तोंडं काहीही बोलतात. बोटं खोटं बोलत नाहीत."

"मग नावाडीच गेला, तर लिहिणाऱ्याचं काय काम उरतं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुमचा भाऊ आहे. तुम्हाला चालेल ना?"

"इथे मी कोणाचा भाऊ नाही."

उत्तर चांगलं जमलं. बाईंनी ते डायरीत लिहून घेतलं असं वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

दादाने जिन्याखालचं टेबल आवरलं. एक कप, तीन वह्या, बाबांचा चष्म्याचा रिकामा डबा. त्यात तो पेन ठेवायचा. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्या दारापाशी आला, पाटीवरची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाला, "तू शेवटपर्यंत ऐकलंस ना? आई म्हणाली, ऐकलंय म्हणून."

"ऐकलं."

"आणि तरी?"

"आकडे होते."

"बरं," तो म्हणाला. डबा खिशात घातला आणि गेला.

संध्याकाळी वहिनीचा फोन. वहिनी म्हणजे दादाची बायको, कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. "भाऊजी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. मी म्हणायचे, आपल्या घरात तसं नाही." आणि फोन ठेवला. लेखकाच्या बायकोला म्हणी पाठ असायच्याच.

आज झोप छान लागेल असं वाटतंय.

१६ ऑगस्ट, शनिवार

मधल्या महिन्यांत लिहायला फुरसत झाली नाही. खेळ बाहेर आला. चालला. सांड खूश, मुंग्या तर भलत्याच खूश. नावाड्याच्या जागी आता रिकामी नाव आहे, बटण दाबलं की माणूस पलीकडे. अर्धं सेकंद. ते मीच सुचवलं.

दादाला अजून काम नाही. शिकवण्या घेतो म्हणे.

आईचा फोन आला. वहिनीकडून घरच्या कॉम्प्युटरवर खेळ लावून घेतला तिने. दादाने तिला काही सांगितलेलं दिसत नाही.

"अरे, नाव आहे, पण ते दिसत नाहीत."

'ते' म्हणाली. बाबांना म्हणायची तसं.

मी घाईत होतो, बाई दारात उभ्या होत्या. म्हटलं, "येतात. काठावर जरा वाट बघावी लागते."

"किती वेळ?"

"थोडा. बटण दाबू नकोस, नाहीतर पलीकडे जाशील."

"नाही दाबत," आई म्हणाली.

४ सप्टेंबर, गुरुवार

जगभरच्या खेळाडूंच्या नोंदी आता माझ्या पडद्यावर येतात. नावं नसतात, नुसते क्रमांक. एक खेळाडू आहे, रोज सकाळी अकराला येतो, पहिल्या काठावर उभा राहतो आणि एकपर्यंत एकही बटण दाबत नाही. दोन तास. मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. आज एकोणीस दिवस झाले. कोणीतरी यंत्र चालू ठेवून स्वयंपाकाला जात असणार.

अशाने माझा रिकाम्या वेळाचा आकडा बिघडतो. बाईंना तो आकडा आवडत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

उपाय केला. पंधरा मिनिटं बटण दाबलं नाही, तर खेळाडू आपोआप बाहेर. पडद्यावर पाटी येते, तिची भाषा मीच ठरवली, लेखक लागतोय कशाला: 'तुम्ही इथे नाही असं दिसतं. पुन्हा या.'

चष्मेवाली म्हणाली, "पुढचं दार बंद करताना मागे कोण उभं आहे ते बघावं." ती मार्चपासून माझ्याशी अशीच बोलते.

९ सप्टेंबर, मंगळवार

काठावरचा तो खेळाडू आज आठ वेळा बाहेर फेकला गेला. आठही वेळा परत आला.

दुपारी आईचा फोन.

"अरे, माझं काही चुकतंय का? मी वाट बघत बसते, तर तो म्हणतो तुम्ही इथे नाही. मी तर इथेच होते की रे."

मी पडद्यावरचा क्रमांक बघत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"आई, मधूनमधून एखादं बटण दाबत राहायचं."

"कोणतं? तू तर दाबू नको म्हणालास."

"पलीकडे नेणारं नको. दुसरं कोणतंही. म्हणजे त्याला कळतं कोणीतरी आहे."

"मग येतील?"

"हो."

नियम एका माणसासाठी बदलता येत नाही. आज बदलला तर उद्या प्रत्येकाची आई येईल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बैठकीत बाईंनी माझं कौतुक केलं. रिकामा वेळ जवळजवळ शून्यावर. शिवाय नोंदींत एक विक्रम निघाला: एकाच जागी सगळ्यात जास्त रस दाखवणारा खेळाडू. रोज दोन तास, दर आठ सेकंदांनी एक बटण, तीन आठवडे, एकही खाडा नाही. बाई म्हणाल्या, "बघा, नावाडी काढल्यावर तो काठ किती जिवंत झाला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाली उठून बाहेर गेली.

तो खेळाडू कोण ते मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दादा आला होता. आत आला नाही, फाटकापाशी उभा राहिला. वाळलाय. दाढी पांढरी झाली आहे, आणि दाढीत तो अगदी बाबांसारखा दिसतो, याचाही राग आला.

"आईचा अंगठा सुजलाय," तो म्हणाला. "बटण सोडतच नाही. डॉक्टर म्हणाले विश्रांती द्या. ती म्हणते, सोडलं तर मी इथे नाही असं म्हणतात."

"तू सांगितलं का नाहीस तिला, की नावाडी काढलाय?"

"सांगितलं. कालच सांगितलं. म्हणाली, धाकटा येतात म्हणालाय, तो खोटं कशाला बोलेल?"

मी फाटकाची कडी सारखी करत राहिलो.

"मला नोकरी नको," दादा म्हणाला. "मी त्यासाठी आलो नाही. जुनी नावेची प्रत कुठे राहिली असेल तर तेवढी दे. तिच्यापुरती. बाहेर कुणाला दाखवणार नाही. माझ्याकडची कंपनीने पुसून घेतली."

"बघतो."

"बघ." तो निघाला आणि वळला. "तू शेवटपर्यंत ऐकलं नव्हतंस. होय ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. हा माणूस मला रागवायलासुद्धा तयार नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

चष्मेवालीकडे पेनड्राइव्हवर प्रत होती. एकच. बाईंनी बाकीच्या सगळ्या पुसायला लावल्या तेव्हा तिने ही खणात, सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली होती. माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, "दादांना द्याल ना नक्की?"

"देतो."

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी काचेच्या खोलीत जाऊन खेळाडूच्या खुर्चीत बसलो. प्रत चालते का ते बघायला हवं होतं. हेडफोन लावला.

तीनदा खाकरणं. "या राजे. जेवून निघालात ना?"

अंगठा 'पुढे'वर होता. दाबला नाही. तो बोलत राहिला. पाण्याचं, पुराचं, एकदा नावेत बसलेल्या आणि काठ आला तरी न उतरलेल्या बाईचं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग नाव पाण्याच्या मधोमध थांबली. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. कोणताही सांड, कोणतीही मुंगी इथवर आली नसणार. नावाडी वल्हं मांडीवर घेऊन बसला.

"मला दोन पोरं, राजे. थोरल्याला माझा आवाज मिळाला, तो बडबडतो. धाकट्याला काय मिळालं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. शेवटी माझे डोळे गेले. तीन दिवस कोणीतरी उशाशी बसून होतं. मी म्हटलं, आलास का रे थोरल्या? तोंडाला सवय त्याची, दुसरं काय. मग हात हातात घेतला, तर अर्धी करंगळी. अरे, हा तर धाकटा! तिन्ही दिवस हाच होता. पण तोवर जीभ उचलेना." तीनदा खाकरणं. "कधी भेटलात त्याला तर एवढं सांगा. आणि दार मीच ओढलं होतं म्हणावं. थोरला उगाच आपल्यावर घेतो."

नाव पलीकडे लागली.

लेखक काय, काहीही लिहील. दादा तिथे नव्हता. त्याला काय माहीत बाबांना हाताने कळलं की नाही?

आई दारात होती.

पडद्यावर माझी नोंद आली. त्या खोलीतलं यंत्र नेहमी चालू असतं. 'रिकामा वेळ: एक्केचाळीस मिनिटं. रस: शून्य.' मी ती नोंद पुसली. प्रत काढली, माझ्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. एकच प्रत आहे. आईने एकदा पूर्ण ऐकलंय. दादाने तर लिहिलंच आहे. माझं अजून ऐकून झालेलं नाही.

माझ्या टेबलावरच्या पडद्यावर काठाची नोंद चालू होती. दर आठ सेकंदांनी एक बटण.

दादाला निरोप पाठवला: 'शोधली. प्रत कुठेच सापडली नाही.'

त्याचं लगेच उत्तर आलं: 'बरं. आईला सांगतो काहीतरी. तू जेवलास ना?'

हो म्हणून कळवलं. जेवलो नव्हतो.